टगच्या सॅल्व्हेज पंपाचा इंपेलर आलाय, ड्रॉइंग नाही, नमुना तसाच कॉपी करू का?

उद्यमबाग_लेथ (बेळगाव)

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत आमचं छोटं शॉप आहे, तीन लेथ, एक मिलिंग आणि एक जुनं रेडियल ड्रिल. वडिलांनी घातलेलं, आता मी आणि चुलतभाऊ बघतोय. आजवरचं सगळं काम म्हणजे पंपसेटचे शाफ्ट, सिलेंडरचे ग्लँड, साखर कारखान्याचे गनमेटल बुश. समुद्राचं काम कधीच केलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गोव्याकडच्या एका ट्रेडरचा फोन आला, कुणीतरी आमचं नाव दिलं म्हणे. त्याच्याकडं एका खासगी सॅल्व्हेज टगच्या पंपाचं काम आहे, म्हणजे दुसऱ्या जहाजात पाणी भरलं की हा टग (जहाजं ओढणारी ताकदीची बोट) जाऊन ते पाणी उपसतो तो पंप. कंपनी परदेशी, पंप जुना, पार्ट आता मिळत नाहीत. सहा इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक), बारा वेअर रिंग (चाकाच्या मानेभोवती झीज घेणारी कडी), सहा शाफ्ट स्लीव्ह (शाफ्टवर झीज घेणारं नळकांडं) असा माल आणि वीस दिवसांत पाहिजे. नीट झालं तर पुढं नेव्हीच्या रेस्क्यू जहाजांचं पण काम लावून देतो म्हणतोय. नमुना चोर्ला घाटातनं टेम्पोनं आला, काल उघडला.

इंपेलर २४० मिलीचा आहे, पाच व्हेन, म्हणजे पाती. एक व्हेन टोकाला तुटलीय आणि मला त्याच जागेचं कोडं पडलंय. बाहेरून रंग पिवळा-हिरवट, आपल्या नळाच्या तोटीसारखा, पण तुटलेल्या तोंडाला आतला रंग तांबूस, विटेच्या तुकड्यासारखा. स्क्रूड्रायव्हरनं टोकलं तर भुगा पडायला लागला. एवढी वर्षं धातू कापतोय पण असा भुगा पडणारा धातू बघितला नव्हता.

ट्रेडर म्हणतो ब्राँझ आहे, आहे त्याच मापात आहे त्याच धातूत करून द्या. मी विचारलं टेस्ट सर्टिफिकेटचं काय, तर म्हणाला तुम्ही फक्त बिल द्या, सर्टिफिकेटचं आम्ही बघतो. हे मला पटेना झालंय. रक्कम आमच्यासाठी मोठी आहे, नाही म्हणायला पण जीवावर येतंय.

तर धातू कुठला घालू, माप नमुन्यावरनं घेऊ का, आणि कागदाचं काय करायचं, ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी सांगा की.

भट्टीवाला (शिरोली)

तो ब्राँझ नाय दादा, पितळ हाय. झिंक निघून गेलंय आतलं, नुसता तांब्याचा सांगाडा राहिलाय म्हणून तांबूस दिसतंय आणि भुगा पडतोय. तुटलेल्या बाजूला कानस मारून बघा, पिवळा आणि तांबडा पट्टा वेगवेगळा दिसंल. नमुना तसाच ओतायचा नाय, आधी स्पेक्ट्रो, म्हंजे धातूत काय किती हाय ती तपासणी, करून घ्या. धातूचं सविस्तर लॅबवाल्या कुणीतरी सांगा.

माजी_इंजिनरूम (चंदगड)

दादा तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. मी नेव्हीत पंधरा वर्षं इंजिन रूममध्ये होतो, रिटायर होऊन गावाकडं काजूची बाग बघतोय. पंपाचं नाव काढलं म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आधी हा पंप काय काम करतो ते डोळ्यासमोर आणा. जहाजाच्या अंगाला पाण्याच्या रेषेखाली चार मीटरवर दहा सेंटीमीटर व्यासाचं भोक पडलं, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढं, तर त्यातनं तासाला दीडशे टनाच्या आसपास पाणी आत येतं. हिशोब सोपा आहे, चार मीटर खोलीवर पाणी सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर वेगानं घुसायला बघतं, त्यातनं भोकाच्या कडांची अडवणूक वजा करा. म्हणजे एका तासात पंधरा मोठे टँकर. आणि आलेलं पाणी एका जागी राहत नाही, जहाज एका अंगाला कललं की सगळं पाणी त्याच अंगाला धावतं आणि जहाज अजून कलतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा, कळेल. बरीच जहाजं बुडतात ती वजनानं नाही, या हिंदकळण्यानं उलटी होतात.

अशा वेळी टग शेजारी येतो, पंप त्या जहाजावर उतरवतात, होज टाकतात आणि चालू करतात. डेकवर ठेवलेला पंप पाणी वर ओढतो तो सहा-सात मीटरपर्यंतच, त्याच्या खाली हवेचा दाबच पुरत नाही, मग पंप खाली उतरवावा लागतो नाहीतर हायड्रॉलिकवर चालणारा सबमर्सिबल सोडावा लागतो. एवढी सगळी धावपळ करून पंप चालू झाला आणि अर्ध्या तासात इंपेलरची व्हेन तुटून केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या घरात, अडकली, तर त्या जहाजावरच्या माणसांनी काय करायचं? शेतातला पंप बंद पडला तर पाळी चुकते, इथं माणसं जातात.

आता मापाचं. नमुन्यावरनं माप घेऊ नका. तो इंपेलर झिजलेला आहे. झिजलेला पार्ट मोजून नवा केला तर नवा पार्ट जन्मतःच झिजलेला निघणार. वेअर रिंग आणि इंपेलरच्या मानेमधली फट या मापाच्या पंपात अर्ध्या मिलीच्या आत असायला पाहिजे, ती वाढली की ढकललेलं पाणी परत मागं सक्शनला येतं, इंजिन तेवढंच डिझेल खातं आणि होजमधनं पाणी येतं निम्मं. पंप चालू दिसतो, आवाज पण बरोबर, पण जहाजातलं पाणी काही उतरत नाही. मी हे एकदा उभं राहून बघितलंय, रात्रभर.

म्हणून ट्रेडरला सांगा केसिंग पाठवा, शाफ्ट पाठवा. केसिंगमधली रिंग बसायची जागा झिजत नाही कारण तिथं रिंग फिट बसलेली असते, तिथनं मूळ माप सापडतं. शाफ्टवर स्लीव्हच्या खालचा भाग पण शाबूत असतो, तिथं मायक्रोमीटर लावा. इंपेलरच्या डिस्चार्जची रुंदी केसिंगच्या व्होल्यूटवरनं, म्हणजे गोगलगायीसारख्या वाटेवरनं, ताडून घ्या. पाच व्हेनपैकी जी सगळ्यात कमी झिजलीय तिचाच आकार पॅटर्नला, म्हणजे साचा ज्यावरनं करतात त्या नमुन्याला, घ्या, सरासरी काढत बसू नका.

आणि वीस दिवस कोण म्हणतंय? पॅटर्नलाच आठ दिवस जातील.

खानापूरची_पोर

मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, शेवटचं वर्ष. मध्येच विचारते म्हणून रागवू नका. नेव्हीची रेस्क्यू जहाजं म्हणजे नक्की काय करतात? टगच असतात का मोठे? आणि काका, त्यांचे पार्ट खरंच आपल्याकडं होतात?

मेटलर्जी_ताई (निपाणी)

दादा, मी फाउंड्री लॅबमध्ये काम करते. शिरोलीचे दादा बरोबर बोलले, याला डीझिंकिफिकेशन म्हणतात. पितळ म्हणजे तांबं आणि झिंक. खाऱ्या पाण्यात झिंक आधी विरघळतं, तांबं जागच्या जागी भुसभुशीत राहतं. म्हणूनच पार्टचं माप बदलत नाही, बाहेरून जसाच्या तसा दिसतो, व्हर्निअर लावलं तर ओके येतो आणि ताकद मात्र गेलेली असते. तुमचा तुटला म्हणून कळलं तरी.

एक सावध करते. मँगनीज ब्राँझ नावाचा एक प्रकार बाजारात मिळतो, त्याला ब्राँझ म्हणत असले तरी त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास झिंक असतं, ते पितळच आहे. ट्रेडर खोटं बोलतोय असंच नाही, त्याला कुणीतरी ब्राँझ म्हणूनच विकलं असेल. स्पेक्ट्रो केल्याशिवाय वाद घालू नका.

समुद्राच्या पाण्यासाठी दोन सरळ वाटा आहेत. एक गनमेटल. जुना ॲडमिरल्टी गनमेटल म्हणजे तांबं ८८, टिन १०, झिंक २, किंवा आपल्याकडं सर्रास ओततात तो ८५-५-५-५, म्हणजे टिन, झिंक, लेड पाच-पाच टक्के. दुसरी निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ, त्यात ॲल्युमिनियम नऊच्या आसपास, निकेल साडेचार-पाच, लोखंड चार, थोडं मँगनीज, बाकी तांबं. जहाजांचे प्रोपेलर याच धातूचे असतात. इंपेलरमध्ये पाणी जोरात फिरतं, बुडबुडे फुटतात, वाळू-गंज-लाकडाचे तुकडे पण येतात, तिथं गनमेटलपेक्षा निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ कितीतरी जास्त टिकतं. वेअर रिंग गनमेटलच्या ठेवा, म्हणजे घासलं तर स्वस्त रिंग जाते, इंपेलर वाचतो.

पण ओतायला हा धातू अवघड आहे, शिरोलीचे दादा सांगतील, ॲल्युमिनियमची साय धरते. ओतताना धातू खळखळला की ती साय आत गुंडाळली जाते आणि मशिनिंगला काळी रेघ निघते. खालून शांतपणे भरावा लागतो. मूस वेगळी ठेवा, म्हणजे ठेवाच. गनमेटलच्या मुशीत हा ओतला तर लेड मिसळतं, आणि याच्या मुशीत परत गनमेटल वितळवला तर ॲल्युमिनियमचा नुसता अंश गेला तरी तो गनमेटल दाबाखाली पाझरतो. आकसणं पण वेगळं, बीड एक टक्का आकसतं, हा दोन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं बीडासाठी केलेला पॅटर्न वापरला तर २४० ला दोन-अडीच मिली कमी भरेल. ओतल्यावर ६७५ डिग्रीला सहा तास ॲनीलिंग करून घ्या, त्यानं समुद्राच्या पाण्यातला गंज बराच रोखला जातो.

ऑर्डर_वेळेत (हत्तरगी)

सगळं बरोबर आहे पण जरा धंद्याच्या बाजूनं पण बोलूया. ट्रेडरनं जे मागितलं ते द्यायचं, आपण डिझाइनर नाही. निकेल ॲल्युमिनियम ब्राँझचा दर बघितलाय का? त्यात पॅटर्न, ॲनीलिंग, टेस्टिंग सगळं धरलं तर त्याच्या रेटमध्ये बसणार कसं? मी असतो तर सगळं ८५-५-५-५ मध्ये ओतून दिलं असतं, पितळापेक्षा शंभरपट चांगलं आणि ट्रेडर पण खूश. खासगी टग आहे, नेव्ही नाही.

माजी_इंजिनरूम (चंदगड)

हत्तरगीचे दादा, तुमचं गनमेटलचं म्हणणं मी उडवून लावत नाही, इमर्जन्सीला गनमेटलचा इंपेलर मी स्वतः चालवलाय. पण ते टगच्या इंजिनिअरला सांगून, त्यानं लिहून दिल्यावर, आणि किती तास चालवायचा ते ठरवून. न सांगता धातू बदलणं वेगळं. ज्यानं आधी पितळ घातलं त्यानं पण असाच विचार केला असणार, की चालतंय. आणि खासगी टग म्हणून काय झालं, संकटातल्या जहाजाकडं पहिल्यांदा पोचतो तो बहुतेक वेळा खासगीच असतो. २०२५ च्या जूनमध्ये केरळच्या बाजूला वान हाय ५०३ या कंटेनर जहाजाला आग लागली, तेव्हा कोस्ट गार्ड आणि नेव्हीच्या बरोबरीनं खासगी टग लागलेच होते की तिला किनाऱ्यापासून लांब ओढायला.

आता खानापूरच्या पोरीला सांगतो. बाळ, राग कशाचा, हे विचारणारी पोरंच कमी आहेत.

रेस्क्यू जहाजं दोन तऱ्हेची धर. एक ओढणारी आणि उपसणारी, म्हणजे मोठे टग, त्यांच्यावर टोइंग विंच, फायर पंप, सॅल्व्हेज पंप, वेल्डिंग, डायव्हर सगळं असतं. दुसरी खोल पाण्याची, पाणबुडीच्या माणसांना वाचवायची. आपल्याकडं पहिली निस्तार रशियाकडनं घेतलेली, १९७१ मध्ये दाखल झाली आणि त्याच डिसेंबरात विशाखापट्टणमच्या बाहेर बुडालेल्या पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीवर तिचेच डायव्हर उतरले. १९८९ ला ती निवृत्त झाली. नंतर बरीच वर्षं निरीक्षक या जहाजावर काम चाललं, ते १९८५ ला माझगाव डॉकमध्ये मुळात तेलविहिरींच्या डायव्हिंगसाठी बांधलेलं. आणि १८ जुलै २०२५ ला नवी निस्तार विशाखापट्टणमला दाखल झाली, हिंदुस्तान शिपयार्डनं बांधली, ११८ मीटर लांब, वजन दहा हजार टनाच्या घरात. नाव बघ किती नेमकं आहे, आपण घरात म्हणतोच की, तू घातलेला घोळ मी निस्तरतोय.

तिच्यावर डायव्हर ३०० मीटरपर्यंत उतरू शकतात. तिथं दाब वरच्यापेक्षा तीसपट जास्त. एवढ्या दाबात जायचं तर माणूस आधी जहाजावरच्या बंद चेंबरमध्ये दिवसच्या दिवस राहतो, हेलियम आणि ऑक्सिजन श्वासात घेतो, बेलमधनं, म्हणजे खाली सोडायच्या बंद डब्यातनं, खाली जातो आणि परत चेंबरलाच येतो. काम संपल्यावर साध्या हवेत यायला त्या खोलीसाठी दहा-अकरा दिवस लागतात. म्हणजे चेंबरच्या दाराची रबरी सील गळायला लागली तर तो माणूस दार उघडून बाहेर पळू शकत नाही, तिथंच मरतो. एका सीलची किंमत ही.

पाणबुडीतली माणसं काढायला वेगळी छोटी पाणबुडी असते, डीएसआरव्ही. आपल्या नेव्हीकडं अशा दोन आहेत, ब्रिटनकडनं घेतलेल्या, पहिली २०१८ ला दाखल झाली, ६५० मीटरपर्यंत जाते. ती बुडालेल्या पाणबुडीच्या दाराला चिकटते आणि मधलं पाणी काढून माणसं आत घेते. चिकटणं हेच सगळ्यात अवघड. २००० सालच्या ऑगस्टमध्ये रशियाची कुर्स्क बुडाली तेव्हा पाणी होतं फक्त १०८ मीटर. रशियन रेस्क्यू पाणबुडी अनेकदा खाली गेली पण दाराला सील धरेना. शेवटी नॉर्वेच्या डायव्हरांनी नवव्या दिवशी ते दार उघडलं, तोवर आतले सगळे, म्हणजे ११८ माणसं गेलेली. त्यातली २३ माणसं स्फोटानंतर मागच्या कप्प्यात जिवंत होती. मला ती गोष्ट अजून झोपू देत नाही.

आणि पार्ट आपल्याकडं होतात का म्हणालीस तर निस्तारमध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर देशी सामान आहे आणि १२० लहान-मध्यम उद्योगांचा हात लागलाय. ही जहाजं तीस-चाळीस वर्षं चालतात. अमेरिकेची सेफगार्ड वर्गातली चार सॅल्व्हेज जहाजं १९८५-८६ ची. रशियाची कोम्मुना तर १९१५ ला दाखल झालेली, दोन अंगाची, मधनं पाणबुडी उचलायची, आणि शंभर वर्षं उलटल्यावर पण नोकरीत होती. तिचा मूळ पार्ट विकणारं दुकान आता कुठलं असणार. जे लागेल ते कुणीतरी भट्टीत ओतून लेथवर लावून केलेलंच असणार. आपल्या जवळ कारवारला नेव्हीचा तळ आहे, २००५ ला सुरू झाला, तिथं दहा हजार टनांपर्यंतचं जहाज पाण्यातनं उचलून जमिनीवर घ्यायची शिपलिफ्ट आहे. जहाज जमिनीवर आलं की वाल्व, पंप, बुश सगळं उघडतं. उद्यमबागेतनं सकाळी निघालं तर दुपारी तिथं. शिकून घे, काम आहे.

एकच लक्षात ठेव, लेथदादा तुम्ही पण. उद्या कुणी डायव्हिंगच्या ऑक्सिजन लाईनचा वाल्व नाहीतर फिटिंग आणून दिलं तर त्याला आपल्या शॉपमध्ये हात लावू नका. आपल्याकडं हाताला, कपड्याला, हवेत पण तेल असतं. जोराच्या दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा नुसता पापुद्रा पुरतो, आपोआप पेटतं. त्याला वेगळी स्वच्छ खोली आणि वेगळी माणसं लागतात.

कागदपत्र_अण्णा (गडहिंग्लज)

सर्टिफिकेट आम्ही बघतो असं ज्यानं सांगितलं तिथंच थांबायला पाहिजे होतं, तुमच्या मनात शंका आली ते बरोबरच आहे.

हे बघा, कास्टिंगचा टेस्ट रिपोर्ट ज्या भट्टीत धातू ओतला तिथनंच निघतो. ३.१ चं सर्टिफिकेट म्हणजे बनवणाऱ्याच्या टेस्टिंग विभागानं, जो प्रॉडक्शनपासून वेगळा आहे, त्यानं सही करून दिलेला निकाल. ३.२ म्हणजे त्यावर बाहेरचा इन्स्पेक्टर किंवा क्लास सोसायटीचा (जहाजं तपासून दर्जा ठरवणारी संस्था) सर्व्हेअर, आपल्याकडं आयआरएसचा, म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचा, स्वतः बघून सही करतो. ट्रेडर जर दोन्ही न करता कागद बनवणार असेल तर तो कुठल्यातरी दुसऱ्या हीटचा, म्हणजे दुसऱ्या वेळी वितळवलेल्या धातूचा, कागद तुमच्या मालाला चिकटवणार. उद्या काय झालं तर चौकशी फिरत फिरत ज्याच्या बिलावर माल गेला त्याच्या दारात येते.

तुम्ही एवढं करा. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, धातूचा ग्रेड लिहून घ्या, नुसतं ब्राँझ नाही. ३.१ का ३.२ ते लिहून घ्या. प्रत्येक हीटला नंबर द्या, तो कास्टिंगवर पंच करा, मशिनिंगला गेला तर परत पंच करा. त्याच धातूची टेस्ट बार बरोबर ओता. व्हेनच्या मुळाशी डाय पेनिट्रंट, म्हणजे तडा दाखवणारा रंग, लावून बघा, तडा तिथंच असतो. बॅलन्सिंगचा रिपोर्ट लावा, पंपाच्या इंपेलरला जी ६.३ चा ग्रेड धरतात. हे सगळं एका फाइलमध्ये आणि एक प्रत आपल्याकडं.

पैशाचं पण सांगतो. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असणारच. लेखी करारात काही पण लिहिलं तरी लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायला लागतात, करारच नसेल तर १५ दिवसांत, नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. थकले तर सरकारकडं ऑनलाइन अर्ज टाकता येतो. आणि नेव्हीचं काम खरंच करायचं असेल तर ट्रेडर कशाला पाहिजे, संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर बाहेरनं आणायला लागणाऱ्या पार्टची यादी २०२० पासून लावलेली आहे, त्यात आपल्याला झेपेल असं काय आहे ते एका रविवारी बसून बघा. वाल्व, सील, बुश, पंपाचे पार्ट, असलंच बरंच असतं. सरकारी टेंडरला उद्यमवाल्यांना ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत, माफ असते.

भट्टीवाला (शिरोली)

ताईंनी सांगितलेलं शंभर टक्के. दादा मी निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ ओततो पण महिन्यातनं एकदाच, वेगळी मूस बाजूला ठेवलीय त्यासाठी. तुमच्या सहा नगासाठी तारीख धरून देतो. पॅटर्न मात्र चांगल्याकडनं करून घ्या, व्हेनचा कोअर बॉक्स (आतली पोकळी सोडणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा) दोन भागांत करायला सांगा आणि कोअर प्रिंट (गाभा टेकायची जागा) मोठी ठेवायला सांगा, नायतर कोअर हालतो आणि एक व्हेन जाड एक पातळ येती, मग बॅलन्सिंगला कितीबी घासा.

मच्छे_सिलेंडर

एक बारीकसं. शाफ्ट स्टेनलेसचा असेल तर ग्लँडला ग्रॅफाइटची पॅकिंग दोरी घालू नका, समुद्राच्या पाण्यात स्टेनलेसला ग्रॅफाइट लागलं की खड्डे पडतात. आमच्याकडं एक शाफ्ट असाच आलेला, पॅकिंगच्या खाली बरोबर रांगेत टाचणीनं टोचल्यासारखी भोकं.

उद्यमबाग_लेथ (बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार, काय बोलू कळेना झालंय. चार दिवस लिहिलं नाही कारण धावपळ चालू होती, आता क्रमानं सांगतो.

कानस मारली. शिरोलीचे दादा म्हणाले तस्संच, तुटलेल्या जागेपासून आत दोन मिली तांबडं, मग एकदम रेघ मारल्यासारखं पिवळं. काही ठिकाणी तांबडं आरपार गेलेलं. चुलतभावानं बोटानं दाबून व्हेनचा एक कोपरा तोडला, हातानं, हातोडी पण घेतली नाही. मग आतल्या चांगल्या भागाचं स्पेक्ट्रो केलं. तांबं ५८, झिंक ३९, बाकी लोखंड, मँगनीज आणि थोडं ॲल्युमिनियम. म्हणजे ताई म्हणाल्या ते मँगनीज ब्राँझ.

रिपोर्ट घेऊन ट्रेडरला फोन लावला. पहिल्यांदा चिडला, तुम्हाला टेस्ट करायला कुणी सांगितलं म्हणून. मी म्हटलं साहेब, या धातूत मी करून देणार नाही, आणि माझ्या बिलावर दुसऱ्याचा कागद लागणार नाही, पाहिजे तर नमुना उद्या परत पाठवतो, टेस्टचे पैसे पण मागत नाही. फोन ठेवला त्यानं. मला वाटलं गेलं काम. घरात पण शांतता, वडील काही बोलले नाहीत, नुसता तो तुटका कोपरा हातात घेऊन उजेडात फिरवून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेगळ्याच नंबरवरनं फोन, टगचा चीफ इंजिनिअर. ट्रेडरनं रिपोर्टचा फोटो त्यांना पाठवला होता. मालवणी बोलायचे, माणूस शांत. त्यांनी विचारलं तांबडा भाग किती आत गेलाय, मी मोजून सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले याच लॉटचे दोन इंपेलर आत्ता टगवर दोन पंपांत बसलेले आहेत. ते दोन्ही पंप त्यांनी त्याच संध्याकाळी उघडायला घेतले.

आता ठरलं असं. इंपेलर निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ, रिंग गनमेटल, ग्रेड पीओवर लिहून येणार, सर्टिफिकेट ३.२, सर्व्हेअरचा खर्च त्यांचा. पहिले दोन नग आधी, बाकीचे चार नंतर, मुदत पस्तीस दिवस. स्लीव्हचा धातू शाफ्ट बघून ठरवायचा. रेट वाढवून मिळाला, हत्तरगीच्या दादांनी विचारलं होतं म्हणून सांगतो, पूर्ण नाही पण अंगावर येणार नाही एवढा मिळाला.

अनगोळचे आमचे पॅटर्नवाले अण्णा आहेत, सत्तरीचे, कानडीतच बोलतात, त्यांना व्हेनचा आकार दाखवला. त्यांनी सगळ्यात कमी झिजलेली व्हेन निवडली, तिच्यावर ओला कागद दाबून छाप घेतला, मग पत्र्याचे पाच टेम्प्लेट कापले, पाच ठिकाणची उंची धरून. दोन टक्क्यांची आकसणाची पट्टी त्यांच्याकडं होतीच, पितळी, त्यांच्या गुरूची. कोअर बॉक्स दोन भागांत करायचं मी सांगायच्या आधीच त्यांनी चित्र काढून दाखवलं.

केसिंग आणि शाफ्ट सोमवारी टेम्पोनं येणार. चंदगडचे काका, रिंगच्या जागेचं माप घेताना गंज किती खरवडायचा आणि बोअर गेज किती ठिकाणी लावायचा ते सांगता का? आणि तुम्हाला जमत असेल तर सोमवारी शॉपवर या, तिसऱ्या गेटपासून जवळच आहे, मी न्यायला येतो.

माजी_इंजिनरूम (चंदगड)

येतो. सकाळच्या एस्टीनं निघतो, साडेदहापर्यंत पोचेन. केसिंग येईल तसं ठेवा, वायर ब्रश लावू नका, आधी रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर घालून ठेवा. गेज आठ ठिकाणी लावायचा, दोन खोलीवर. माझा जुना इनसाइड मायक्रोमीटर घेऊन येतो.

खानापूरची_पोर

काका, दादा, सोमवारी मला पण यायला चालेल का? कॉलेजला सुट्टी आहे. बघत उभी राहीन, मध्ये येणार नाही.

उद्यमबाग_लेथ (बेळगाव)

ये की ताई. बूट घालून ये, चप्पल नको, आणि केस बांधून ये.